बादलीभर मलम

लहान मुलांच्या कातडीचा वेगळा डॉक्टर असतो हे आमच्या घरी बराच काळ कोणाला खरं वाटलं नाही. एमडी झाल्यावर आणखी एक वर्ष फक्त मुलांचे त्वचारोग शिकायला दक्षिणेतल्या एका शहरात जाणार असं मी जेवताना सांगितलं, तेव्हा मामा म्हणाला, "आता डाव्या कानाचा डॉक्टर तेवढा निघायचा राह्यला." आई म्हणाली, "जाऊ दे तिला. पण केस गळतीचंही शिकून ये बाई, सगळे मलाच विचारतात." बाबा वणीला कोळसा खाणीच्या ऑफिसात होते. ज्या कामात धूळ नाही ते काम चांगलंच, एवढंच त्यांचं मत होतं, आणि तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

त्वचा हा विषय का घेतला ते मी कोणाला खरं सांगितलं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी आणि गल्ली वऱ्हाडी होती, आणि मी तिन्हीकडे गप्प असायचे. मेडिसिनला फार बोलावं लागतं. सर्जरीला ओरडावं लागतं असं मला वाटायचं. त्वचेला आधी बघावं लागतं, आणि बघायला मला कधीच कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्याआधी, एमडीच्या रेसिडेन्सीचे पहिले महिने मी जवळजवळ झिंगल्यासारखी होते. सगळं जग कातडीनं मढवलेलं आहे हे जणू मला पहिल्यांदाच कळलं होतं. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला वाकला की मला त्याच्या मानेवरचा गजकर्ण दिसायचा, कडेनं लाल, मधून साफ, पुस्तकातल्यासारखा गोल. एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभी असताना मी नवरदेवाची नखं बघितली, त्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, आणि मला इतका आनंद झाला की हातातलं ताट कलंडलं. आनंद रोगाचा नव्हता, ओळख पटल्याचा होता. तो कोणाला सांगता येत नव्हता. नवरदेवाला तर नक्कीच नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा फक्त मुलांची ओपीडी घ्यायच्या. त्यांचा एक नियम होता. मुलाला आपल्याकडे बोलवायचं नाही, आपणच खुर्चीवरून उतरायचं. त्या जमिनीवर बसकण मारायच्या, तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या आणि आधी आईचा हात तपासायच्या, मग बाहुलीचा किंवा गाडीचा, मग मुलाचा. तोवर मूल स्वतःच पोट उघडं करून उभं असायचं. मी हे बघून ठेवलं.

एकदा त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला माझ्यापुढे ढकललं. गालावर फिकट पांढरे डाग होते. आई दारातच रडत होती, कारण सासरी कोणीतरी कोड म्हटलं होतं. मी बघितलं. डागांच्या कडा पुसट होत्या, वर बारीक कोंडा होता, आणि उन्हात खेळणारा, कोरड्या गालांचा मुलगा होता. मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत बरोबर सांगितलं. "मला काय सांगतेस, तिला सांग," त्या म्हणाल्या.

"कोड नाही," मी म्हणाले.

दोनच शब्द होते. त्या बाईनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. मी बाथरूममध्ये जाऊन मास्कच्या आत हसत बसले. मास्क ही फार चांगली सोय आहे.

तर मी दक्षिणेतलं ते वर्षही शिकून परत आले. आठवड्यातले बरेचसे दिवस यवतमाळला बसते आणि एक दिवस पांढरकवड्याला, जिथे केळापूरकडच्या गावांतली आणि तांड्यांवरची मुलं येतात. तिथं माझ्यासोबत एक सिस्टर असते. ती माझ्या वाटचं बोलते. मी बघायचं आणि तिनं बोलायचं अशी आमची न ठरवता झालेली वाटणी होती. गेल्या श्रावणात ती मोडली.

त्या दिवशी एक बाप आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिसऱ्यांदा आला. बंजारा तांड्यावरची माणसं होती, घरी गोरबोली बोलणारी आणि आमच्याशी वऱ्हाडी. मुलीला खरूज होती. पहिल्या वेळी मी मलम दिलं होतं, दुसऱ्या वेळी पुन्हा दिलं होतं, आणि आता तिच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर तेच पुरळ नव्यानं उठलं होतं. मुलगी बापाच्या मागे उभी राहून एका पायानं दुसरा पाय खाजवत होती.

"मॅडम, तुमचं औषध काई कामाचं नाई," बाप नम्रपणे म्हणाला.

सिस्टरनं चौकशी सुरू केली. "लावलं होतं का?"

"लावलं तं. मानेपासून पायाच्या बोटालोक. जसं सांगतलं तसं."

"रात्रभर ठेवलं?"

"ठेवलं."

"घरात समद्यायनं लावलं?"

"समद्यायनं. माय, बाप, भाऊ, पोरं. उरलं ते गोठ्याले मारलं."

इथं मी मान वर केली. दोन ट्यूबमध्ये एवढं घर निघणं कठीण होतं. गोठा निघणं अशक्यच होतं. मी स्वतः विचारलं, "पुरलं कसं?"

तो माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाला, "पुरते ना. फवारनीच्या पंपाले झाकनभर पुरते, तं बादलीले अर्धी ट्यूब म्हन्जे लय झाली. गरम पान्यात घोटली, आन् एकेकाच्या आंगावर तांब्यानं टाकली."

सिस्टर माझ्याकडे बघत होती आणि मी सिस्टरकडे. मग आम्ही दोघी एकदम टेबलाकडे वाकलो. मी मास्कच्या आत हसले, पण खांदे मास्कमध्ये मावत नाहीत. त्या बापाला काही कळेना. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यानं ट्यूबवरचं नाव मुलाकडून वाचून घेतलं होतं आणि त्याला ते ओळखीचं वाटलं होतं.

"कपाशीवर मारतो त्याच्याच घरचं नाव हाये हे," तो म्हणाला. "नुसतं औषध कोनी मारते काय मॅडम? हे पाहा." त्यानं बाही वर केली. कोपराच्या खाली चकचकीत, गुळगुळीत डाग होता. गेल्या एका हंगामात डब्यातलं नुसतं औषध तिथं सांडलं होतं. "माह्यं जळलं तं जळलं. लेकराचं कायले जाळू?"

माझं हसू तिथंच थांबलं. नावाचं त्याचं म्हणणं खरं होतं, दोन्ही औषधं एकाच कुळातली. फक्त ट्यूबमधलं आधीच कोणीतरी मोजून मापून सौम्य करून भरलेलं होतं, आणि हे त्याला सांगायला हवं होतं ते मी दोन्ही वेळा सांगितलं नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. फवारणी करणाऱ्या माणसाला जे आधी सांगायला हवं ते हे, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

"आता तरी लवकर नीट होईन का?" बापानं विचारलं. सिस्टर मुलीकडे वळली. "कायची घाई हाये तुले?"

मुलगी पहिल्यांदा बोलली. "तीज हाये."

बापानं पुढचं सांगितलं. तांड्यावर राखीच्या सुमाराला न लग्न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, त्या टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात ठेवतात, आणि गोकुळाष्टमीपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना पाणी घालून, एकमेकींचे हात धरून फेर धरतात. या वर्षी हिचं फेरात यायचं वय झालं होतं. टोपलीही विणून तयार होती. पण मोठ्या मुलींनी सांगितलं होतं की हिनं पाणी आणावं, फेरात येऊ नये.

"मले कोनी हात देत नाई," मुलगी म्हणाली. तिनं ते तक्रार केल्यासारखं म्हटलं नाही. शाळेत आज भात आहे असं सांगावं तसं म्हटलं. मग लगेच दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

राखी एका आठवड्यावर आली होती. तिला एकटीला बरं करून उपयोग नव्हता, कारण फेरात हात धरताच खरूज परत आली असती. सबंध तांड्यानं एकाच संध्याकाळी मलम लावलं तरच काही होणार होतं. मी ते सिस्टरला सांगितलं, म्हणजे सिस्टरनं ते बापाला सांगावं. सिस्टरनं सांगितलं, आणि बादलीचं कुठं चुकलं तेही सांगितलं. बाप म्हणाला, "नायक म्हनतीन तं समदे लावतीन. पन नायकाले तुमी सांगा. माह्यं कोन आयकते, मी बादलीवाला."

तो आता स्वतःही हसत होता.

पुढच्या रविवारी आम्ही मलमाचं खोकं घेऊन तांड्यावर गेलो. कडुनिंबाखाली खाट होती, खाटेवर नायक बसले होते, पांढरा पटका, पांढऱ्या मिशा, आणि समोर निम्म्याहून जास्त तांडा. मी वाटेत गाडीत वाक्यं तयार केली होती. "खरूज हा एक संसर्गजन्य आजार असून" असं पहिलं वाक्य होतं. मी उभी राहिले आणि ते वाक्य आलं नाही. दुसरंही आलं नाही. सिस्टरनं माझ्याऐवजी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"सिस्टरबाई, तुमी थांबा. डाक्टरीन कोन हाये, तुमी का ते?"

सिस्टर थांबली. मला समोर फक्त कपाशी दिसत होती, रस्त्यापलीकडे, गुडघ्याएवढी.

"एकानं फवारलं," मी म्हणाले, "आन् धुऱ्यापलीकडच्या वावरवाल्यानं नाई फवारलं, तं काय होते?"

हे माझ्या तोंडून वणीच्या गल्लीतलं बोलणं निघालं होतं, जे मी आयुष्यात मोठ्यानं बोलले नव्हते. बाकीच्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मागून एक म्हातारा कंटाळून म्हणाला, "काय होते? आठ दिवसात वापस येते."

"हे तसंच हाये."

मग नायक म्हणाले, "म्हन्जे आमी समदे वावर हाओ?"

"हो."

"आन् अळी?"

"अळी नाही, किडा आहे. दिसत नाही इतका बारीक. बोटांच्या बेचक्यात बीळ करून राह्यते."

"अन् पान्यात नाई घोटाची," मुलीचा बाप मागून म्हणाला, आणि सगळा तांडा हसला. त्याची बादली सगळ्यांना माहीत झालेली होती. एकानं त्याला विचारलं, "काय गा, गोठ्याची खरूज बरी झाली का?" हसणं दुप्पट झालं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी सरळ बोलत सुटले. काय लावायचं, किती वेळ ठेवायचं, सकाळी धुवायचं, कपडे उकळायचे, आठ दिवसांनी पुन्हा लावायचं, अगदी तान्ह्या बाळांना हे लावायचं नाही, त्यांच्यासाठी दुसरं औषध आणलं आहे. मी बोलतेय हे माझ्याच लक्षात येत होतं आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

"आमाले खाज नाई," काही पुरुष म्हणाले.

"आज नाही. आता किडा आला असंल तं खाज महिन्यानं येईन."

"मले बी काई नाई," मुलींच्या घोळक्यातून एक उंच मुलगी म्हणाली. ही नायकांची नात, सगळ्या मुलींची पुढारी, लग्न ठरलेली, म्हणजे ही तिची शेवटची तीज. फेरात कोण येणार आणि कोण नाही ते हिनंच ठरवलेलं होतं. ती हात पदराखाली घेऊन उभी होती. बोलताना एकदा तिनं कपाळावरचे केस मागे केले आणि मला तिची बोटं दिसली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, ताजं.

तिला कळलं की मला दिसलं. हात पुन्हा पदराखाली गेले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, आणि नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "कोणाला काय आहे ते मी बघणारच नाही. समद्यायनं लावायचं."

नायकांनी मिशीवरून हात फिरवला. "आज दिवस मावळाच्या आंदी समदे लावतीन. ज्या घरचं मानूस राह्यलं, त्या घरची टोपली माह्या आंगनात नाई."

झालं. टोपलीपुढे कोणाचं काही चालत नाही. खोक्याजवळ सगळ्यांत आधी ती उंच मुलगी आली. तिनं ट्यूब घेतली आणि माझ्याकडे न बघता हळू विचारलं, "ह्यानं जाते ना?"

"जाते," मी म्हणाले.

मग जे झालं ते मी आठवलं की अजून एकटीच हसते. ऊन कलताना सगळा तांडा तेलकट पांढरा झाला. पोरं लावून घ्यायची आणि निसटायची, आया त्यांना पकडायला जायच्या तर हातात राहायची नाहीत. पुरुष घरांमागे गेले आणि तिथून "पाठीले कोन लावते रे" असे आवाज यायला लागले. एका आजीच्या दंडभर बांगड्या होत्या, लग्नापासून न काढलेल्या, आणि त्या काढायला ती तयार नव्हती. किडा नेमका तिथंच लपला असता. सिस्टर म्हणाली, "आजी, एक दिवस तं काढा." आजी म्हणाली, "तुह्या नवऱ्याले काढ म्हन." शेवटी मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि मोरपिसानं एकेका बांगडीखाली मलम सारत गेले. आजीला गुदगुल्या व्हायच्या. ती मला गोरबोलीत शिव्या देत होती की आशीर्वाद, कळत नव्हतं.

मुलींनी एकमेकींच्या पाठी चोपडता चोपडता गाणं धरलं. शब्द तिथल्या तिथं जुळवत होत्या आणि माझ्याकडे बघून वाकून हसत होत्या. मी बादलीवाल्या बापाला अर्थ विचारला.

"जाऊ द्या मॅडम."

"सांगा तरी."

"म्हनतात, डाक्टरीननं आख्ख्या तांड्याले लोनी लावलं. आता तव्यावर टाकते का काय."

त्याची मुलगी मात्र गात नव्हती. ती पायरीवर बसून मलमानं पांढरे झालेले हात समोर धरून होती, दोन्ही बाजूंना, कशालाही लागू न देता. तिला मी सांगितलं की खाज लगेच थांबणार नाही, किडे मेल्यावरही पंधरा दिवस राहील, पण उद्या आंघोळ झाली की तिचा हात कोणीही धरावा, काही होणार नाही. तिनं ऐकून घेतलं. "तुमी त्यायले सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. मुलींनी माना डोलावल्या, पण हसू आलं की माना डोलतातच.

राखीनंतर बापाचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता. "मॅडम, खाजवते अजून. काल गहू पेरले. ते खाजवाले लागली का पोरी पाहून राह्यल्या."

"खाज राहील हो. किडे मेले आहेत. हात धरा म्हणावं."

"मी म्हनलं. पन पोरी माह्यं आयकतीन काय?"

मी नायकांना फोन द्यायला सांगितलं असतं. पण हात धरा असा हुकूम कसा काढणार? टोपलीचा हुकूम निघतो, हाताचा निघत नाही. मी त्या आठवड्यात यवतमाळच्या ओपीडीत बसून मुलांची पोटं आणि कोपर बघितले, आणि मधेच मला तो ओढणीत गुंडाळलेला हात आठवायचा आणि मी एकच प्रश्न समोरच्या मुलाच्या आईला दोनदा विचारायचे.

दुसरं मलम लावायच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. नायकांच्या अंगणात मांडवाखाली टोपल्या होत्या, गहू बोटभर झाले होते, पिवळट हिरवे, आणि भोवती फेर चालू होता. मी आधी पाण्याच्या घड्यांकडे बघितलं. तिथं दोन लहान मुली होत्या, ती नव्हती. पायरीवर नव्हती. घरात असेल, घरातच बसवली असेल, असं वाटून मी घरांच्या दारांकडे वळले.

"तिकडं काय पाहता मॅडम," सिस्टर म्हणाली, "हे काय."

ती फेरात होती. एका बाजूला तिच्याएवढीच एक, आणि दुसऱ्या बाजूला ती उंच मुलगी, जिला तिचा हात धरायला थोडं वाकावं लागत होतं आणि ती वाकली होती. लहानीच्या ओढणीवरचे आरसे चमकत होते. नाक खाजत होतं म्हणून तिनं ते उंच मुलीच्या दंडावर घासलं, आणि उंच मुलीनं दंड तसाच ठेवला.

मी पुढे गेले. डॉक्टरनं करायचं ते मला करायचं होतं, बेचकी बघायची होती, मनगट बघायचं होतं.

"हात दाखव गं," मी म्हणाले.

फेर थांबत नव्हता, म्हणून मला तिच्याबरोबर मागे मागे चालावं लागलं.

"दोनी हात गुतले हायेत मॅडम," ती म्हणाली. "मंग पाह्यजा."

उंच मुलगी हसली. फेर पुढे गेला. मी खोकं खाली ठेवलं आणि ती पुन्हा माझ्यासमोर येईपर्यंत तिथंच उभी राहिले. आली, पण हात मोकळे नव्हते. पुढच्या फेरीलाही नव्हते.